उकरण्याआधी जमीन वाचा: नाशिकच्या मातीत पुरलेला पुरावा कसा शोधायचा

गेली बावीस वर्षं मी सिन्नर, येवला, चांदवड भागात विहिरी आणि बोअरसाठी पाणी बघतो. पाणाड्या नारळ घेऊन येतो आणि मी रेझिस्टिव्हिटी मीटर (जमीन विजेला किती अडवते ते मोजणारं यंत्र) घेऊन जातो, गावकऱ्यांच्या लेखी फरक एवढाच. काही वर्षांपूर्वी एका पोलीस ठाण्यातून फोन आला. "सर, तुमचं मशीन जमिनीखालचं दाखवतं म्हणे. एक माणूस शोधायचाय." तोवर मी अडीचशे फुटांवरचं पाणी शोधत होतो, आता अडीच फुटांवरचा माणूस शोधायचा होता. त्या शोधात हाती काही लागलं नाही. का लागलं नाही, हे कळायला मला पुढची तीन वर्षं लागली. त्यात जे शिकलो ते तपास अधिकारी, न्यायवैद्यक शाखेचे विद्यार्थी आणि माझ्यासारखी भूभौतिक उपकरणं वापरणारी मंडळी यांच्यासाठी क्रमाने लिहितो आहे.

पहिल्यांदा हे मनात पक्कं करा: कुठलंच यंत्र प्रेत दाखवत नाही, पिस्तूल दाखवत नाही. यंत्र दाखवतं ते एवढंच, की या चार फुटांतली माती शेजारच्या मातीपेक्षा वेगळी आहे. ती का वेगळी आहे, हे माणसालाच ठरवावं लागतं.

शोध नेमका कशाचा

ठाण्यात बसूनच सुरुवात करा. काय पुरलंय? प्रौढ माणूस, लहान मूल, कोयता, गावठी कट्टा, दागिने, की रक्ताचे कपडे? उघडं पुरलंय, की ताडपत्रीत, गोणीत, प्लास्टिकच्या पिंपात? कधी पुरलं? तेव्हा पाऊस होता की ऊन? खणणारा एकटा होता का, आणि त्याच्याकडे हत्यार काय होतं? फावडं, टिकाव-पहार की जेसीबी? या उत्तरांवर यंत्र ठरतं. कोयत्यासाठी मॅग्नेटोमीटर (लोखंडामुळे चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक मोजणारं यंत्र) ठीक, कपड्यांसाठी त्याचा काडीचा उपयोग नाही.

माणूस घाईत खणतो. लपूनछपून पुरलेली बहुतेक प्रेतं मीटरभराच्या आतच सापडतात, बऱ्याचदा दीड-दोन फुटांवर. आपल्याकडे तर मातीखाली मुरूम लागतो. रात्रीच्या अंधारात एकट्या माणसाने पहारीने कडक मुरूम फोडून सहा फूट जाणं जवळजवळ अशक्य. म्हणून "दहा फूट खाली पुरलंय" असं कोणी सांगितलं तर जेसीबीचा मालक आधी शोधा.

खणणारा ओझं घेऊन किती चालला असेल, तेही धरा. गाडी जिथपर्यंत जाते तिथून फार लांब तो जात नाही, आणि चढ चढून सहसा जात नाही. शिवाय ज्याला ती जागा पुन्हा ओळखायची असते तो खूण धरतो: विजेचा खांब, एकटी बाभूळ, बांधाचा कोपरा. ब्रिटिश सैन्यात लपवलेली शस्त्रं शोधण्यासाठी हाच विचार पद्धत म्हणून शिकवला जातो, त्याला 'विन्थ्रॉपिंग' म्हणतात. मी शेतात गेलो की आधी रस्त्यावर उभा राहतो आणि स्वतःला विचारतो, रात्री गाडीच्या दिव्यात मला इथून काय ओळखू येईल?

आपल्या जिल्ह्यातलं इगतपुरीचं प्रकरण अनेकांना आठवत असेल. अभिनेत्री लैला खान आणि तिच्या कुटुंबातल्या पाच जणांची फेब्रुवारी २०११ मध्ये तिथल्या बंगल्यात हत्या झाली. सांगाडे मिळाले जुलै २०१२ मध्ये, आरोपीच्या सांगण्यावरून. मध्ये इगतपुरीचा एक अख्खा पावसाळा गेला होता. आरोपी बोलतो तेव्हा काम सोपं होतं. तो बोलत नाही, खोटं बोलतो किंवा हयातच नसतो, तेव्हा पुढच्या सगळ्या पायऱ्या लागतात. तो बोलला तरी त्याने बोट दाखवलेल्या जागेभोवती मोठी चौकट आखून मोजणी करा. रात्री पाहिलेली जागा दीड-दोन वर्षांनी दिवसा दाखवताना माणूस वीस-तीस मीटर सहज चुकतो.

गावाला विचारा, मग सातबारा काढा

माझी पहिली मोठी चूक इथेच झाली. निफाड तालुक्यातल्या एका पडीक वावरात रेझिस्टिव्हिटीच्या नकाशावर दोन मीटर लांबीचा सुरेख निळा पट्टा आला. लांबी-रुंदी, खोली, सगळं जुळत होतं. पंच बोलावले, दुपारभर खुरप्याने माती काढली, आणि हाडं लागली. बैलाची. गळ्यातली पितळी घंटा तशीच होती. शेतमालक म्हातारबाबा बांधावर उभे होते. म्हणाले, "तो आमचा सर्जा. मला इच्यारलं असतं तर म्या सांगितलं असतं." टोपी काढून त्यांनी हात जोडले. मी त्यांची माफी मागितली आणि आम्ही ते हाड न् हाड परत तसंच झाकलं.

तेव्हापासून मोजणीआधी गावात बसून विचारतो. मेलेलं जनावर कुठे पुरलं? जुनी विहीर कुठे बुजवली? ठिबकची मेन लाईन कुठून गेली? बांध कधी सरकवला? आणि हळू आवाजात हेही विचारतो, की घरातलं कोणी या वावरात पुरलंय का? आपल्याकडे अनेक समाजांत दफनाची रीत आहे, लहान लेकरांना तर बहुतेक सगळेच पुरतात. अशी जागा यंत्रावर हुबेहूब 'संशयित' दिसते. ती चुकून उकरणं हा त्या घरावर आघात असतो.

मग सातबारा, गटाचा नकाशा आणि भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची टोपोशीट घ्या. गटाच्या हद्दी भूमी अभिलेखच्या मोजणीवाल्यांकडून रोव्हर (उपग्रहावरून अचूक जागा नोंदवणारं मोजणी यंत्र) लावून पक्क्या करून घ्या. मोबाईलचं जीपीएस तीन ते पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं. खड्डा असतो दोन मीटरचा. त्या भरवशावर काम करू नका.

नकाशावर सगळा परिसर तीन रंगांत वाटा. हिरवा म्हणजे सहज खणता येईल, रस्त्यावरून दिसणार नाही आणि यंत्रही चालेल. पिवळा म्हणजे यातलं काही आहे, काही नाही. लाल म्हणजे उघडा खडक, वस्तीसमोरची जागा, जिथे पुरणं अवघड. पहिल्या दिवशी हिरव्यात उतरा. वीस एकर शोधायचं काम या एका नकाशाने दोन एकरांवर येतं, आणि त्याला खर्च शून्य.

नाशिकची माती परदेशी पुस्तकात नाही

इथे जरा थांबतो, कारण सगळी गोम इथे आहे. जीपीआरची, म्हणजे जमिनीत रडारची लहर सोडून परत येणारी लहर टिपणाऱ्या यंत्राची, बहुतेक पाठ्यपुस्तकं वाळूच्या किंवा दुमट मातीच्या देशांत लिहिली गेली. आपण बसलोय सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर. त्या काळ्या पाषाणाची झीज होऊन झालेली काळी माती चिकण, फुगणारी आणि पाणी धरून ठेवणारी. रडारची लहर अशा ओल्या मातीत शिरते आणि तिथेच विरते. पावसाळ्यात निफाडच्या काळ्या रानात ४०० मेगाहर्ट्झचा अँटेना फिरवला, तर दीड-दोन फुटांखाली पडद्यावर नुसता करडा धूर दिसतो.

दुसरी अडचण चुंबकाची. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ४३ हजार नॅनोटेस्लाच्या आसपास आहे. एक किलो लोखंड एक मीटर खाली असेल तर त्यात जेमतेम दहा-वीस नॅनोटेस्लाचा फरक पडतो. बेसॉल्टचा एखादा धोंडा मात्र त्याच जागी शंभर-दोनशेचा फरक दाखवून जातो. साधा मेटल डिटेक्टरही आपल्या मातीत उगाच किणकिणतो. म्हणून इथे पल्स इंडक्शन पद्धतीचा डिटेक्टर घ्या, आणि दर अर्ध्या तासाने त्याचं ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज वजा होतो.

काळ्या मातीचा आणखी एक गुण जुने शेतकरी सांगतात: ती स्वतःच स्वतःला नांगरते. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची माती भेगांत पडते, पावसात सगळं फुगून वर येतं. त्यामुळे खड्ड्याच्या कडा काही वर्षांत पुसट होतात. त्याच मातीखालच्या मुरमात मात्र पहारीचे वार वर्षानुवर्षं ताजे राहतात. ही गोष्ट खणताना फार कामाला येते.

जिल्हा एकसारखाही नाही. त्र्यंबक-इगतपुरीकडे तांबडी, निचऱ्याची माती आणि तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस. सिन्नर-येवल्याकडे कोरडं आणि उथळ. गोदाकाठाला गाळ आणि रेती, तिथे जीपीआर बरा चालतो. वेळही मातीप्रमाणे निवडा. जीपीआरसाठी एप्रिल-मे, माती सुकलेली असते. रेझिस्टिव्हिटीसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर, जमिनीत रोवायच्या सळ्यांना ओल मिळते. थर्मल कॅमेऱ्यासाठी थंडीतली पहाट. निफाडचा पारा एक आकडी झाला की उकरलेली आणि न उकरलेली जमीन वेगवेगळ्या वेगाने गार होते. तपास ऋतूसाठी थांबत नाही, हे मान्य. पण जुलैमध्ये काळ्या रानातून जीपीआरचा 'निरंक' अहवाल आला, तर त्यावर फाईल बंद करू नका. मे महिन्यात परत जा.

आकाशातून

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी एक. त्यातल्या एका ठिपक्यात जमिनीवरचा दहा बाय दहा मीटरचा तुकडा मावतो, म्हणजे जवळजवळ आपला एक गुंठा. माणसाचा खड्डा एक-दीड चौरस मीटरचा. गुंठाभर जागेच्या सरासरीत तो हरवून जातो. म्हणून उपग्रहावर थडगं शोधायला बसू नका. त्याला दुसरं काम द्या: बेपत्ता नोंदीच्या आधीची आणि नंतरची चित्रं शेजारी ठेवा आणि काय बदललं ते पाहा. नवं शेततळं? भरावाचा ढीग? वाटेची नवी रेघ? अचानक पडीक राहिलेलं वावर? आपल्याकडे शेततळ्यांवर प्लास्टिकचा कागद असतो, तो चित्रात निळा-काळा चमकतो. तळं ज्या पंधरवड्यात खोदलं तो पंधरवडा नेमका हाती लागतो. माणूस गायब झाला त्याच महिन्यात कोणाच्या रानात खड्डा झाला, हे कळणं तपासात मोठी गोष्ट आहे.

पावसाळ्यात ढगांमुळे ही चित्रं पांढरी येतात. तेव्हा सेंटिनेल-१ चं रडार वापरा, ते ढगांतून पाहतं. जुन्या काळासाठी लँडसॅट आहे, १९७२ पासूनचं, पण आताच्या लँडसॅटचा एक ठिपका नऊ गुंठ्यांचा. गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची पट्टी सरकवून बघा, तिथे काही तारखांना मीटरभराच्या आतलं दिसतं. त्याहून बारीक हवं असेल तर इस्रोच्या कार्टोसॅटची चित्रं हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडून मागवता येतात. मागणी पोलीस ठाण्यामार्फत, गुन्हा क्रमांकासह करा. मोठ्या प्रमाणावर झालेल्या उकरकामाला आकाश किती बोलकं असतं, हे १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनिकाच्या हत्याकांडानंतर दिसलं. ताज्या उकरलेल्या जमिनीची हवाई छायाचित्रं त्या ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर ठेवली गेली होती.

थडग्याच्या मापाचं काम ड्रोनचं. पन्नास मीटर उंचीवरून एक ठिपका दीड-दोन सेंटिमीटरचा पडतो. त्या फोटोंवरून जमिनीच्या उंचसखलपणाचा नकाशा बनवा. बोटभर खोलीचा खळगा त्यात सावलीसारखा उठून दिसतो, खास करून सकाळी सातच्या तिरप्या उन्हात. मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा पिकाचा जोम दाखवतो, गवतझाडीखालची जमीन हवी असेल तर लायडार (लेझर किरणांनी उंची मोजणारं यंत्र) लागतं. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा, ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा नकाशा बघा. ओझरचा विमानतळ आणि देवळालीचा लष्करी परिसर इथे परवानगीशिवाय उडवणं म्हणजे एका गुन्ह्याच्या तपासात दुसरा गुन्हा. आणि २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात आणि त्र्यंबकला रस्ते-नळांची इतकी खोदाई चालू आहे, की तिथल्या 'बदल' दाखवणाऱ्या नकाशांतून आधी महापालिकेची कामं वजा करावी लागतात.

पायी फिरा, आणि सावकाश

नकाशावरच्या जागांवर आता पायी जा. दोन-दोन मीटरवर माणसं उभी करून सरळ रेषेत. काय बघायचं?

मातीची सरमिसळ. काळ्या रानाच्या पृष्ठभागावर पिवळट मुरमाचे खडे पसरलेले दिसले की थांबा. तळातलं वर आलंय, कोणीतरी आणलंय. मग गवत. आपल्याकडे उकरलेल्या जागेवर पहिलं कब्जा करतं ते गाजर गवत. पडीक रानात आजूबाजूला कुसळी गवत आणि मधेच माणसाच्या मापाचा गाजर गवताचा दाट चौकोन, हे लक्षण दुर्लक्ष करण्याजोगं नाही. मग खळगा. भरलेली माती बसते, त्यातून पसरट खळगा होतो. पुढे प्रेताच्या पोटाचा भाग खचला की त्या खळग्यात आणखी एक छोटा खळगा पडतो.

आणि भेगा. हे मी कुठे वाचलेलं नाही, स्वतः पाहिलंय. दिंडोरी तालुक्यात एका मित्राच्या पडीक तुकड्यावर आम्ही सरावासाठी तीन खड्डे घेतले, प्रत्येक अडीच फुटांचा. एकात आजाराने मेलेली शेळी उघडी पुरली, दुसऱ्यात तशीच शेळी ताडपत्रीत गुंडाळून, आणि तिसरा नुसता उकरून परत भरला. पुढच्या मे महिन्यात गुडघ्यावर बसून पाहिलं. सगळ्या रानात हाताच्या पंजाएवढ्या चौकटींच्या भेगा पडल्या होत्या. खड्ड्यापाशी येऊन त्या थबकत होत्या, आत शिरत नव्हत्या, कारण आतल्या मातीत मुरूम मिसळलेला. त्याऐवजी खड्ड्याच्या कडेने एकच सलग भेग गोल फिरली होती, जणू कोणी बोटाने रेघ मारली. तीनही खड्ड्यांना. रिकाम्यालाही. त्या रिकाम्या खड्ड्याने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याच यंत्राने शिकवलेलं नाही.

चौकट आखणं

निवडलेल्या जागेवर दहा बाय दहा मीटरची चौकट आखा. काटकोनासाठी गवंड्याचा तीन-चार-पाचचा हिशेब पुरतो. खुंट्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या. चारही कोपरे रोव्हरने नोंदवा. चौकट खड्ड्यापेक्षा बरीच मोठी हवी, कारण 'वेगळं' ओळखायला आजूबाजूचं 'नेहमीचं' किती आहे हे माहीत पाहिजे. शक्य असेल तर शेजारीच, जिथे काही नाही याची खात्री आहे, तिथे आणखी एक चौकट मोजा.

यंत्रांचा क्रम ठरलेला ठेवा. आधी मॅग्नेटोमीटर, कारण नंतर लोखंड आत येणार. मग विद्युत्चुंबकीय मोजणी, मग जीपीआर, आणि शेवटी रेझिस्टिव्हिटी, कारण तिच्या सळ्या जमिनीला टोचतात. मॅग्नेटोमीटर चालवणाऱ्याने मोबाईल, किल्ल्या, पट्टा, लोखंडी नालीचे बूट बाहेर ठेवायचे. बंदोबस्ताला उभ्या हवालदारांच्या पट्ट्याचं बक्कलसुद्धा चौकटीपासून लांब हवं. साहेबांची जीप तर लांबच.

द्राक्षबागेत मॅग्नेटोमीटर काढूच नका. मांडवाचे लोखंडी अँगल आणि तारा सगळा नकाशा काळा करून टाकतात. मी एकदा पिंपळगावजवळ अख्खा दिवस असा घालवला. बागेत जीपीआर ओळींच्या मधून चालवता येतो, पण लागवडीच्या वेळी शेणखत भरलेले चर तिथे लांबच लांब थडग्यांसारखे दिसतात. चर ओळीला समांतर असतो. जे ओळीला तिरपं जातं, ते संशयाचं.

कुठलं यंत्र काय बोलतं

जीपीआर: कर्नाटकात धर्मस्थळ प्रकरणात (तिथे अनेक प्रेतं गुपचूप पुरल्याचा आरोप होता) ऑगस्ट २०२५ मध्ये नेत्रावतीच्या काठी हे यंत्र वापरलं गेलं, तेव्हापासून मला पहिला प्रश्न याचाच येतो. २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा अँटेना घ्या. रेषा पाव-पाव मीटरवर, आडव्या आणि उभ्या दोन्ही. दहा मीटरच्या चौकटीत एका दिशेने ४१ रेषा, दोन्ही मिळून आठशे मीटरहून जास्त चालणं. कंटाळून अर्ध्या मीटरवर येऊ नका, लहान मूल दोन रेषांच्या मधे राहून जातं. चाकाचा अंतरमापक आधी वीस मीटरच्या टेपवर तपासून घ्या.

खोलीचा हिशेब नीट समजून घ्या. यंत्र वेळ मोजतं, खोली आपण काढतो: वेग गुणिले वेळ, भागिले दोन. वीस नॅनोसेकंदांनी परत आलेली लहर कोरड्या रेताड मातीत (०.१२ मीटर प्रति नॅनोसेकंद) सव्वा मीटरच्या जवळची असते, आणि आपल्या ओलसर काळ्या मातीत (०.०७) फक्त सत्तर सेंटिमीटरची. कंपनीने यंत्रात घालून दिलेला आकडा तसाच ठेवला, तर खणणारे पुरावा ओलांडून मुरमात पोचतात. जवळच ज्ञात खोलीवर एक लोखंडी सळई आडवी ठोकून त्यावरून वेग काढा.

पडद्यावर मिशीसारखा उलटा बाक दिसला की नवखे उड्या मारतात. दगड, मूळ, पाइप, घुशीचं बीळ, सगळ्यांना तसाच बाक येतो. पाइप असेल तर तो शेजारच्या रेषांतही एकापाठोपाठ येत राहतो. खड्ड्याचं लक्षण वेगळं: सलग थर मधेच तुटलेले, दोन्ही बाजूंना उतरत्या कडा, आणि हे सात-आठ रेषांत मिळून दोनेक मीटर. काँक्रीटच्या कोब्याखाली मात्र हेच यंत्र सर्वांत भरवशाचं. १९९४ मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरच्या वेस्ट दांपत्याच्या खून प्रकरणात घराच्या फरशीखाली शोध घ्यायला तेच वापरलं होतं.

रेझिस्टिव्हिटी: माझा हात हिच्यावर बसलेला आहे, आणि काळ्या मातीत माझा पहिला विश्वासही हिच्यावरच. दोन सळ्या अर्ध्या मीटरवर एका चौकटीला बांधून फिरवायच्या, दुसऱ्या दोन किमान पंधरा मीटर लांब रोवून ठेवायच्या. अर्ध्या मीटरच्या जाळीत एका चौकटीचे ४४१ आकडे येतात. दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम. आपल्याकडे ओली काळी माती दहा ओहम-मीटरच्या आतबाहेर असते, मुरूम वीस ते पन्नास, अखंड पाषाण शंभराच्या पुढे. उघड्या पुरलेल्या शरीरातून झिरपणारे द्रव क्षारयुक्त असतात, त्यामुळे तिथला आकडा खाली जातो. खड्ड्यात मीठ टाकलेलं असेल तर आणखीच. ताडपत्रीत गुंडाळलेलं असेल तर उलट, प्लास्टिक वीज अडवतं आणि आकडा वर जातो.

आमच्या तीन खड्ड्यांत हेच दिसलं. पहिल्या दोन महिन्यांत तिन्ही जवळजवळ सारखे. पावसाळ्यानंतर उघड्या शेळीचा खड्डा स्पष्ट खाली, ताडपत्रीचा स्पष्ट वर, आणि रिकामा हळूहळू आजूबाजूच्या मातीत मिसळत चाललेला. जीपीआरवर ताडपत्री लखलखीत, उघडी शेळी फिकी. दोन्ही यंत्रं वापरली म्हणून तिघांत फरक करता आला, एकट्या यंत्राला तो जमला नसता.

विद्युत्चुंबकीय वाहकता मापक जमिनीला न टोचता रेझिस्टिव्हिटीचंच काम लवकर करतो, पण तारेचं कुंपण आणि विजेची लाईन जवळ असेल तर फसवतो. मोठ्या रानात पहिली चाळणी लावायला चांगला.

विहिरी आणि पाणी यांचं थोडक्यात: हत्यार विहिरीत टाकणं आपल्याकडे सर्रास. उपसा करून गाळ चाळणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. उपसा शक्य नसेल तर दोरीला बांधलेलं जड लोहचुंबक आणि पाण्याखालचा कॅमेरा. डॉ. नरेंद्र दाभोलकर हत्या प्रकरणात २०२० मध्ये ठाण्याच्या खाडीत पिस्तुलाचा शोध घेताना पाणबुड्यांसोबत शक्तिशाली लोहचुंबक वापरले होते. गंगापूर धरणासारख्या पसरट पाण्यात साइड-स्कॅन सोनार (ध्वनिलहरींनी तळाचं चित्र काढणारं यंत्र) लागतो.

खणण्याआधीची शेवटची परीक्षा

सगळे नकाशे एकावर एक ठेवा. एका यंत्रावर दिसणारी जागा तिसऱ्या क्रमांकावर, दोन यंत्रांवर दिसणारी दुसऱ्यावर, आणि दोन यंत्रं अधिक जमिनीवरची खूण असेल ती पहिल्यावर. अशा यादीवर श्वान आणा. संशयित जागेच्या कडेने, मधोमध कधीच नाही, बारीक सळईने फूट-दीड फूट भोकं पाडा, वास वर यायला वेळ द्या, आणि वाऱ्याच्या उलट दिशेने श्वानाला चालवा. सळई आत जाताना हाताला कळतं: न उकरलेल्या जमिनीत ती एकसारखी अडते, उकरलेल्यात भसकन जाते.

श्वान हाताळणाऱ्याला जागा आधी सांगू नका. तो नकळत तिथे रेंगाळतो, आणि श्वान मालकाचं ऐकतो.

खणणं

इथे जेसीबी आला की सगळं गेलं. इतक्या दिवसांची मोजणी दहा मिनिटांत मातीमोल होताना मी पाहिली आहे, आणि ते आठवलं की अजून वाईट वाटतं. मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या एखाद्या आईला त्या मातीतूनच उत्तर मिळायचं असतं.

दफन केलेलं प्रेत असण्याची शक्यता असेल तर कार्यकारी दंडाधिकारी, बहुधा तहसीलदार, हजर हवेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९६ यासाठी आहे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जाण्याची तरतूद कलम १७६ मध्ये आहे, तेव्हा नाशिकच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेला आदल्या दिवशीच कळवा. झडती-जप्तीचं चित्रीकरण कलम १०५ नुसार.

वरचं गवत कापून घ्या, उपटू नका. मुळं किती वयाची आहेत त्यावरून खड्ड्याचं वय सांगता येतं. मग खुरप्याने पाच-पाच सेंटिमीटरचा थर काढा. आधी खड्ड्याची कड शोधा. काळ्या मातीत ती दिसत नसेल तर हलकं पाणी शिंपडून वाळू द्या, भरावाची माती वेगळ्या वेगाने वाळते. मुरमाच्या थरात पोचलात की कडा घासून साफ करू नका: पहारीचा, फावड्याचा वार तिथे छापलेला असतो, आणि संशयिताच्या घरातल्या फावड्याच्या धारेशी तो जुळवता येतो. त्याचा मापपट्टीसह फोटो घ्या, साच्यात उतरवून घ्या. निघालेली सगळी माती थरानुसार वेगळ्या ढिगांत ठेवून पाच मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा. कानातली कुडी, बटण, दात, काडतुसाची पुंगळी, सगळं चाळणीतच मिळतं. प्रत्येक थरातली आणि चौकटीबाहेरची, अशी दोन्ही ठिकाणची माती नमुना म्हणून मोहोरबंद करा. आरोपीच्या बुटावरची माती जुळवायची वेळ आली तर बाहेरचा नमुनाच कामाला येतो.

नोंद

यंत्रातला मूळ डेटा, प्रक्रिया न केलेला, त्याच दिवशी कॉपी करा, त्याचं हॅश मूल्य (फाईल जराही बदलली तर बदलणारा तिचा ओळख-आकडा) काढा आणि पंचनाम्यात लिहा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र याच्याशिवाय लंगडं पडतं. यंत्राचं मॉडेल, अँटेना, रेषांमधलं अंतर, वापरलेला वेग, हवामान, मातीची ओल, कोण चाललं, किती वाजता, हे सगळं लिहा. अहवालात "येथे मृतदेह आहे" असं कधी लिहू नका. "येथे अंदाजे ०.७ मीटर खोलीपर्यंत १.८ बाय ०.६ मीटर माती विस्कळीत आहे" एवढंच लिहा. उलटतपासणीत हेच वाक्य टिकतं.

आणि काही मिळालं नाही तरी तेवढाच सविस्तर अहवाल द्या. कुठली चौकट, कुठल्या यंत्राने, कुठल्या महिन्यात, किती खोलीपर्यंत तपासली, आणि त्या दिवशी त्या मातीत यंत्र कितपत पाहू शकत होतं. माझ्या पहिल्या शोधाचा अहवाल एका ओळीचा होता: "काही आढळले नाही." तो जुलै होता, माती चिखल होती आणि जीपीआर फुटभरही शिरत नव्हता, यातलं काहीच त्यात नाही. पुढे नवे अधिकारी आले तेव्हा त्यांनी ते वावर 'तपासून झालेलं' धरलं. गेल्या मे महिन्यात मी त्यांना सविस्तर पत्र लिहून ती चौकट पुन्हा उघडायला सांगितली आहे. कोपऱ्यांच्या खुंट्या लाकडी होत्या, कुजल्या असतील, पण त्यांचे अक्षांश-रेखांश माझ्या वहीत आहेत.